खाऱ्या मातीचा किल्ला

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला व्हायला नको. पनवेलजवळ सुकापूरला एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन फ्लॅट एकत्र करून केलेली बालवाडी आहे, तिथे मी मोठ्या शिशूला शिकवते. बाहेरच्या पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण रिक्षावाल्याला 'बालवाडी' म्हटल्याशिवाय कळत नाही. वर्गात चौदा मुलं. चौदाच आहेत हे मी दर दहा मिनिटांनी मोजून बघते, कारण कधीकधी तेरा भरतात आणि चौदावं खेळण्यांच्या कपाटात असतं.

मला गिरवायच्या वह्यांचा राग आहे. आधीच्या शाळेत मी सात वर्षं चार-पाच वर्षांच्या पोरांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली. तिथे एका मुलाचं रोज सकाळी पोट दुखायचं आणि रविवारी कधीच दुखायचं नाही. त्या मुलाचं पोट आठवलं की मला अजूनही स्वतःची लाज वाटते. म्हणून इथे आल्यावर मी मॅडमना, म्हणजे शाळेच्या मालकीणबाईंना, स्पष्ट सांगितलं की माझ्या वर्गात मुलं हातांनी शिकतील. बघा, चाचपा, वास घ्या, आणि मी परवानगी दिली तर चाटून बघा. आपण त्यांना सांगायचं नाही, त्यांचं त्यांना कळू द्यायचं. मॅडम साठीच्या पुढच्या आहेत, कमी बोलतात. त्यांनी मान हलवली, पण वह्यांचा गठ्ठा मागवून ऑफिसातल्या कपाटात ठेवला तो ठेवलाच.

हातांनी शिकवायला सणांसारखं दुसरं साधन नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत असे. नारळी पौर्णिमेला मी टबात पाणी भरून समुद्र केला. नारळ तरंगतो की बुडतो ते मुलांनी बघायचं होतं. नारळ तरंगला. पाठोपाठ एक मुलगा स्वतः तरंगतो का ते बघायला टबात उतरला. भोंडल्याला पाटावर धान्याचा हत्ती काढला, त्यात शेंगदाणे आणि फुटाणेही लावले. गाणी संपेपर्यंत हत्तीची सोंड आणि दोन पाय मुलांच्या पोटात गेले होते. मला यात भरपूर शिक्षण दिसत होतं. पालकांना ओले कपडे दिसत होते.

मग पालकांची कुजबुज सुरू झाली. लिहायला कधी लागणार, शेजारच्या शाळेतली मुलं शंभरपर्यंत आकडे लिहितात, आमची हत्ती खातात. मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी पालकांना बोलावू. मुलं काय शिकली ते त्यांना दिसू दे. नाही दिसलं, तर सुट्टीनंतर वह्या. मी तावातावानं म्हटलं, दिसेल. बाहेर येईपर्यंत काय दाखवायचं याचा पत्ता नव्हता, पण दिवाळी म्हटल्यावर किल्ला हे ठरलेलंच. मुलं मातीचा किल्ला करतील, त्यावर आळीव पेरतील, पाच दिवसांत डोंगर हिरवागार होईल. पेरलेलं उगवतं, हे पालकांच्या डोळ्यांदेखत दिसेल. वह्या गेल्या खड्ड्यात.

आता किल्ल्याला माती लागते. पनवेलच्या आसपास डोंगरच्या डोंगर खणले जातायत, दिवसभर मातीचे डंपर आमच्या दारावरून धूळ उडवत जातात, तेव्हा मातीला काय तोटा, असं मला वाटलं. मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, उद्या प्रत्येकाने एक डबा माती आणावी. दहा मिनिटांत सतरा प्रश्न आले. कुठली माती, ऑर्गॅनिक चालेल का, किती ग्रॅम. दुसऱ्या दिवशी जे आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. दोघांनी रंगीत क्ले आणली. एकीनं मुलतानी माती आणली, त्या पाकिटावर गोऱ्या बाईचा फोटो होता. तिघांनी ऑनलाइन मागवलेला कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा. आणि एका आईनं जंतू मरावेत म्हणून ओव्हनमध्ये भाजलेली माती, डब्यावर 'गरम आहे' अशी चिठ्ठी लावून. सगळं एकत्र करून आम्ही जो किल्ला रचला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसला. म्हणजे खाली बसला.

मी मुलांसमोर डोक्याला हात लावला. तेव्हा एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "टीचर, आमच्या आज्याकडं लय माती हाय." ही मुलगी करंजाडेच्या बिल्डिंगमध्ये राहायची, वडील बंदरात नोकरीला, पण मूळ घर उरणजवळ करंजाला, कोळीवाड्यात. तिच्या डब्यात सुकट असली की बाकीची पोरं नाक मुरडायची आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. मी तिच्या आईला फोन केला आणि सोमवारी सकाळी तिचे आजोबा मासळीच्या टेम्पोतून चार गोणी चिखल घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले. काळा, मऊ, लोण्यासारखा चिखल. वासानं वरच्या तीन मजल्यांच्या खिडक्या बंद झाल्या.

आजोबांनी सांगितलं की हा खाडीचा चिखल आहे, याचा किल्ला हलणार नाही. त्यांनी मुलांना गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर कसं पसरायचं ते दाखवलं आणि मासळीला उशीर होतो म्हणून निघून गेले. त्यापुढे वर्गाचा ताबा नातीनं घेतला. एरवी गोल करताना जिचा हात धरायला पोरं कां कूं करायची, तिच्या हुकुमावर सगळी कोपरापर्यंत काळी झाली. बुरूज आले, गुहा आली, भाजक्या मातीचं चूर्ण पायवाटेला उपयोगी पडलं. मॅडम दारात आल्या, चिखलाचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ऑफिसात परत गेल्या. मी मनात म्हटलं, बघत राहा. मग चौदा मुलांनी चौदा चिमट्या आळीव टाकले. उरलेले दाणे मी घरी नेले आणि सवयीनं दोन ताटांत ओल्या कापसावर पसरून ठेवले, घरात हिरवं काही असावं म्हणून.

मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे माती म्हणजे माती. तिच्यात काहीही टाका, उगवतं. त्यामुळे बुधवारी किल्ल्यावर काही दिसलं नाही तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडलं. मुलांनी पाणी घातलं. गुरुवारी दाणे फुगून चिकट झाले आणि तसेच राहिले. मला वाटलं ऊन कमी पडलं, म्हणून तो अवजड किल्ला मी आणि शाळेत मदतीला असलेल्या मावशींनी पाटासकट ओढत खिडकीशी नेला. शुक्रवारी दाणे काळे पडले. तोवर पोरांची बोलणी सुरू झाली होती. एक मुलगा म्हणाला, हिची मातीच घाण आहे. ती मुलगी भांडली नाही, नुसती किल्ल्याजवळ बसून दाण्यांकडे बघत राहिली. मला त्या मुलाचा राग आला, त्याहून जास्त त्या दाण्यांचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त काळजी कपाटातल्या वह्यांची वाटली.

घरी आले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन ताटं हिरवीगार झाली होती. पुढचं सांगायला नको, पण सांगते. शनिवारी सकाळी सातला, मावशींच्याही आधी, मी कुलूप उघडून वर्गात गेले आणि कापसासकट ते आळीव किल्ल्याच्या उतारांवर चिखलात दाबून बसवले. कडेनं कापूस दिसत होता तिथे चिखल थापला. काम इतकं सुबक झालं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. दहा वर्षं मुलांना खोटं बोलू नये असं शिकवणारी बाई मी, आणि वर पाणी शिंपडून सगळं ताजं दिसेल असंही केलं.

नऊ वाजता पालक आले. किल्ला बघून सगळ्यांनी आधी मोबाईल काढले. एक बाबा तर म्हणाले, वा, हे खरं शिक्षण. मॅडम मागे खुर्चीत बसल्या होत्या. करंजाचे आजोबाही आले होते, पांढरा स्वच्छ शर्ट घालून, दाराशी उभे. मी ठरवल्याप्रमाणे मुलांना पुढे बोलावलं आणि म्हटलं, किल्ल्याची माहिती सांगा. एकानं गुहा दाखवली, एकीनं विहीर. हिरवळ दाखवायचं काम त्या कोळ्यांच्या मुलीचं होतं.

ती पुढे आली आणि बोलायच्या आधी तिनं नेहमीसारखी हिरवळ चाचपली. मीच लावलेली सवय. मग दोन बोटांत धरून एक झुपका उपटला. झुपक्याबरोबर तळहाताएवढा कापूस वर आला.

"टीचर, इथं कापूस हाय," ती म्हणाली.

मी हसण्याचा प्रयत्न केला. दुसरा एक मुलगा मदतीला धावून आला आणि म्हणाला, कापूस लावला की उगवतं. ती म्हणाली, नाय, मातीतलं नाय उगवलं, मी काल बघितलंय. मग तिनं चिखलात बोट घातलं आणि मी काही म्हणायच्या आत चाटलं.

"खारट हाय," तिनं जाहीर केलं.

हे बाकीच्या तेरा जणांनी नुसतं ऐकून कसं घ्यायचं? त्यांना मी शिकवलं होतं की दुसऱ्यानं सांगितलेलं खरं धरू नका. पुढच्या अर्ध्या मिनिटात माझ्या वर्गातली चौदाच्या चौदा मुलं, मोजून, आपापल्या आईबापांसमोर किल्ला चाटत होती. बोट घालून चाटण्याची चाल काहींना सुचली नाही, त्यांनी सरळ बुरुजाला जीभ लावली. माती भाजून पाठवणारी आई खुर्चीवरून उठली आणि परत बसली. सॅनिटायझरची बाटली हातोहात फिरली, पण सॅनिटायझर लावायचं कुठे हे कुणाला कळेना. मुलं एकमेकांना सांगत होती, हो रे, खारट आहे, मीठ आहे यात.

दाराशी उभे असलेले आजोबा हसायला लागले. ते म्हणाले, "बाय, आदी इचारलं असतं तर सांगितलं असतं. खाऱ्या चिखलान आळीव नाय येत. मना वाटलं, तुमाला नुसता किल्ला करायचा हाय."

पालकही हसले, आणि मला वाटलं सुटले. पण मुलगी अजून हातात कापूस धरून उभी होती. तिनं विचारलं, मग हे कोणी लावलं? चौदा काळ्या तोंडांनी माझ्याकडे बघितलं. मावशींवर ढकलावं असं क्षणभर मनात आलं, हेही लिहून ठेवते. मग मी म्हटलं, "मी लावलं. आज सकाळी."

"का?"

एवढंच विचारलं तिनं. रागानं नाही. तिला खरंच कळलं नव्हतं. काल उगवलं नव्हतं, आज नाही उगवलं, यात लपवण्यासारखं काय आहे हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हटलं, मला भीती वाटली. तिनं थोडा विचार केला, झुपका परत किल्ल्यावर ठेवला, आणि बाकीच्यांना म्हणाली की माती घाण नाही, खारट आहे. ते मात्र सगळ्यांनी मान्य केलं, कारण सगळ्यांनी चाटून बघितलं होतं.

पालक गेल्यावर मॅडमनी मला बसवलं. त्या म्हणाल्या की त्यांचं बालपण खाडीकाठी गेलं, सोमवारी वास घेतला तेव्हाच त्यांना कळलं होतं की यावर काही उगवणार नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, सांगायचं नसतं ना, कळू द्यायचं असतं.

मग त्यांनी कपाट उघडलं, वह्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, संपलं. मी म्हटलं, सुट्टीनंतर पहिल्या दिवसापासून सुरू करते.

"या मी परत पाठवतेय," मॅडम म्हणाल्या. "वर्षभर अक्षरं गिरवणाऱ्या मुलांना तुमचा कापूस सापडला नसता."

गठ्ठा मीच उचलून त्यांच्या गाडीत ठेवला. मला हवं होतं ते मिळालं होतं, मुलं माझ्याकडून नेमकं तेच शिकली होती जे मी शिकवलं, आणि मला मान वर करून मॅडमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.