वहीतले दोन तास

शहापूरचा केळीवाला वीस सांगतो तेव्हा मी दहा म्हणणार, हे धरूनच सांगतो. याच हिशेबावर मी बुऱ्हाणपुरात चिप्सचा कारखाना उभा केला. माझी चूकही यातूनच झाली.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, ऑटिझम असलेली. अशा मुलांना साध्या शाळेत घ्यायचं नव्यानेच सुरू झालं होतं. मी भांडून प्रवेश मिळवला. पण ती पहाटेपर्यंत जागी राही आणि सकाळी बाकावरच झोपून जाई. मोठ्या बाईंनी बजावलं, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर घरी न्या."

इंदूरला एक डॉक्टर अशा मुलांसाठी झोपेच्या औषधाची चाचणी घेत होते. औषध सुरू करण्याआधी पंधरा दिवस झोप मोजायची होती. मी वहीत लिहायचं आणि मुलीच्या मनगटावर झोप मोजणारं घड्याळ. ती चार तास झोपे, मी दोन लिहिले. आईबापांची तक्रार डॉक्टर निम्मी कापूनच धरणार, असा माझा अंदाज.

पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "ताई, वही आणि घड्याळ जुळत नाहीत."

"नऊ वर्षं तुमच्या घड्याळाने सांभाळलीय का तिला?" मी भडकले.

"मी भाव करत नाही हो. तुमच्या दोनावर भरवसा ठेवला, तर उद्या चार तास झोप औषधामुळे आली असं आम्ही सांगू. मग ते इतर मुलांना दिलं जाईल."

मी चूक कबूल केली. नव्याने मोजायला आणखी पंधरा दिवस मागितले, मग आठ, मग पाच. नियम दाखवून त्यांनी तिला वगळलंच. चूक माझी, शिक्षा तिला! तो राग अजून गेलेला नाही.

त्या रागातच मी वही चालू ठेवली, पण खरी. दिवाळीच्या सुट्टीत तिला कुणी उठवत नव्हतं, तेव्हा दिसलं की ती तीनला झोपते आणि नऊला आपणहून उठते.

सुट्टी संपताच वही मोठ्या बाईंपुढे ठेवली. "हिला दुपारच्या पाळीत बसवा."

बाई पानं उलटत राहिल्या. "इथे तर झोपायला चार वाजलेत."

"वाजले, म्हणून लिहिले."

"आणि दुपारीही झोपली तर?"

'कधीच नाही' हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"झोपेलही एखाद दिवशी," मी म्हणाले.

त्यांनी दुपारच्या हजेरीत तिचं नाव चढवलं. "सोमवारी पाठवा. जेवून येऊ दे."