बालाजीच्या घरची नवी लाइन

“हात लावू नको त्याला,” अनुसयामावशी म्हणाल्या.

सचिन शिडीवर उभा होता. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसरा हात भिंतीवरच्या बूस्टरवर. तो माझ्याकडे बघायला लागला. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. तारा ओढायचं काम त्याचं आणि घरच्यांना समजवायचं काम माझं.

मी चाकणजवळ निघोज्यात एका केबलवाल्याकडे कामाला आहे. घरोघर जायचं, टीव्ही दिसत नसेल तर तक्रार घ्यायची, बिघडलेला बॉक्स बदलून द्यायचा. दुपारच्या वेळी घरात बायकाच असतात, त्या बाईमाणसाला दार उघडतात, म्हणून मला ठेवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बोलायला मी कमी. पण या कामात ते चालून जातं, लोकच खूप बोलतात.

आमचे मालक म्हणजे दादा. गावातलंच जुनं घराणं. त्यांनी एका मोठ्या कंपनीची फायबरची एजन्सी घेतली आणि सगळ्या गल्ल्यांतली जुनी केबल काढायला सांगितली. जुन्या केबलमध्ये तांब्याच्या तारेतून चित्र येतं. लांब गेलं की ते कमजोर पडतं. म्हणून मध्ये मध्ये बूस्टर नावाचा डबा लावतात, तो चित्राला पुढे ढकलतो. त्या डब्याला वीज लागते. ती गल्लीतल्या एका घरातून घ्यायची आणि त्या घराला टीव्ही फुकट द्यायचा, असा आमच्या धंद्यातला रिवाज. या गल्लीत ते घर अनुसयामावशींचं होतं. फायबरची तार मात्र काचेची, केसासारखी बारीक. तिच्यातून उजेड जातो. तिला बूस्टर लागत नाही.

“मावशी, तुमचं नव्या लाइनीतही फुकटच राहणार,” मी म्हटलं. “दादांनी सांगितलंय.”

“फुकटाचं कोण इचारलं बाई? आमचं चांगलं चालू हाय की. चांगलं चाललेलं कशाला उसकटता?”

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आत पलंगावर बालाजी होता. त्यांचा मुलगा. ही माणसं लातूरकडची. बालाजी आयटीआय करून चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला, मग आईला घेऊन आला. पुढे ड्युटीवरून घरी येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. तेव्हापासून मानेखाली काही हलत नाही. मावशी एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. सकाळी जातात, मध्ये धावत येऊन त्याला भरवतात, कूस बदलतात आणि परत जातात ते संध्याकाळीच येतात. बाकी सगळा वेळ घरात बालाजी आणि टीव्ही. त्या घरात टीव्ही म्हणजे दुसरं माणूस होतं.

बालाजीच आतून म्हणाला, “आई, काढू दे की. नव्यात लई साफ दिसतंय म्हणतेत. हिरोच्या तोंडावरचे वण बी मोजता येतेत.”

“अन् बंद पडला म्हंजे?”

“ताई हायत की. रोज गल्लीतून जातेत.”

मी मान हलवली. सचिननं बूस्टर उतरवला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. त्यानं काचेची तार आत घेतली, पांढरा राउटर लावला, नवा बॉक्स जोडला. चित्र खरंच स्वच्छ होतं. बालाजी म्हणाला, “आता हिरोईनीनं वय लपवून दाखवावं.” मावशीसुद्धा हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतून चालले होते. बालाजीनं हाक मारली. मावशी दाराला नुसती कडी लावून जातात, कुलूप नाही. मी आत गेले. पडद्यावर एका नटीचा मोठा फोटो होता आणि खाली बरेच चौकोन. चित्र हलत नव्हतं.

“ही बया सकाळपासून हसतीय, ताई,” तो म्हणाला. “तोंड दुखत नसंल का हिचं?”

सकाळी मावशी कामावर गेल्यावर लाइट गेली होती. आमच्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही. जुन्या बॉक्सचं एक बरं होतं. लाइट आली की तो आपोआप होता त्याच चॅनलवर यायचा. हात लावायला लागत नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. नवा बॉक्स तसा नाही. तो चालू झाला की पहिलं पान दाखवतो आणि माणसानं बटण दाबायची वाट बघत बसतो.

मी सचिनला घेऊन गेले. तो उत्साहात म्हणाला, “अहो ताई, याला आवाजाचा रिमोट आहे! नुसतं चॅनलचं नाव घ्यायचं.” त्यानं रिमोट बालाजीच्या तोंडाजवळ धरला. बालाजी बोलला. काही झालं नाही. मग सचिनच्या ध्यानात आलं. बोलताना रिमोटचं एक बटण दाबून धरावं लागतं.

“बोलायला बी बोट लागतंय व्हय?” बालाजी म्हणाला.

सचिन वायरी उगाच नीट करत बसला.

मी दादांना सांगितलं. दादा माणूस वाईट नाही. ते म्हणाले, “बॅटरी लाव तिथं. लाइट गेली तरी बॉक्स बंद पडायचा न्हाई.” ऑफिसमधली एक बॅटरी त्यांनी स्वतःच काढून दिली. आम्ही ती लावली. मेन स्विच बंद करून पाहिला, परत चालू केला. टीव्ही गेला आणि आला, बॉक्स होता त्याच चॅनलवर. त्या दिवशी मावशींनी मला चहा पाजला. मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात खाली बसले. मला वाटलं, काम झालं.

दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी आले तर ओरडणं ऐकू आलं. “बघतोय की! बघतोय ना बाबा!” बालाजीचा आवाज. मला वाटलं घरात कोणी शिरलं. धावत गेले. घरात दुसरं कोणी नव्हतं. टीव्हीवर काळा पडदा आणि मध्ये इंग्रजीत एक ओळ.

“काय म्हणतोय तो?” मी विचारलं.

“विचारतोय, तुम्ही अजून बघताय का? ओके दाबा.” तो जरा हसला, मग हसायचा थांबला. “मी सांगतोय त्याला. ऐकतच नाही.”

रिमोटला बराच वेळ कोणी हात लावला नाही की बॉक्सला वाटतं, घरात माणूस नाही. मग तो हा प्रश्न विचारतो आणि बंद होतो. वीज वाचावी म्हणून केलेलं आहे म्हणे. सचिननं सगळ्या सेटिंग शोधल्या. हा प्रश्न बंद करायची सोय त्या बॉक्सात नव्हती.

मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं मला जमत नाही. तरी लावला. पलीकडचा मुलगा मराठी बोलणारा निघाला.

“मॅडम, तो प्रॉब्लेम नाही, ते फीचर आहे. कस्टमरला फक्त ओके दाबायचंय.”

“त्याला दाबता येत नाही. हात हलत नाहीत.”

“मग घरातल्या दुसऱ्या मेंबरला सांगा ना.”

“घरात दिवसा कोणी नसतं.”

तो मग हळू आवाजात म्हणाला, “मी पुढे कळवतो, मॅडम.” त्यानं कळवलंही असेल. नंतर मेसेज आला की सिग्नल व्यवस्थित आहे, तक्रार मिटवली आहे. मी परत फोन केला, तेव्हा दुसरंच कोणी होतं. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तसाच मेसेज पुन्हा आला.

मी दादांकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

“दादा, मावशींना जुनी लाइन परत द्या.”

“एकट्या घराला कशी देऊ, ताई? ती लाइन म्हंजी बादल्यांची रांग. ह्यानं त्याला द्यायची, त्यानं फुडच्याला. मधली माणसं उठून गेल्यावर पाणी कसं पोचंल?”

“बूस्टर परत लावू.”

“ते भंगारात गेलं. अन् ऑफिसातली जुनी मशीनबी बंद केली. आता चित्र सोडणारंच कुणी न्हाई.”

“मग छत्री लावून देऊ, डिशची.”

ते माझ्याबरोबर घरापर्यंत आले. पत्र्यावर चढून त्यांनी स्वतः पाहिलं. डिशला ज्या बाजूचं आभाळ मोकळं लागतं, त्या बाजूला कामगारांच्या खोल्यांची तीन मजली बिल्डिंग उभी होती. तिच्या गच्चीवर लावू द्या म्हणून घरमालकाला विचारलं, तो नाही म्हणाला. दादा खाली उतरून हात झटकत राहिले.

“पयलं माझ्या हातात हुतं,” ते म्हणाले. “मशीन माझी, तार माझी. आता मीबी तुज्यासारखाच फोन लावतो अन् गाणं ऐकत बसतो.”

मग एकच उपाय राहिला. कोणीतरी जाऊन बटण दाबायचं. शेजारच्या खोल्यांत कंपनीतली पोरं राहतात. फर्स्ट शिफ्टची कामावर असतात, नाइटची झोपलेली असतात. नाइटवाल्यांपैकी एक भला होता. झोपेतून उठून लुंगीवरच यायचा, दाबायचा, परत जाऊन झोपायचा. बालाजी त्याला ‘ओकेवाले भाऊ’ म्हणायचा. त्याचं कंपनीतलं काम सुटलं आणि तो गावी गेला. त्याच्या जागी आलेल्यानं दार उघडलं नाही. त्यालाही काय बोलायचं? रात्रभर उभं राहून काम केलेलं माणूस.

मग मी जायला लागले. फेरी करताना वाकडी वाट करून जायचं, दाबायचं, दोन शब्द बोलायचे. पण माझी वेळ आणि बॉक्सची वेळ जुळायची नाही. मी दाबून गल्लीबाहेर पडले की थोड्या वेळानं तो परत बंद. बालाजीला आता पिक्चरमध्ये काय चाललंय ते नीट सांगता येईना. आधी मला दारातूनच ओरडून सांगायचा, कोणी कोणाला फसवलं ते. आता म्हणायचा, “शेवट काय झाला कळलं नाही, ताई. विचारलं ना त्यानं मधीच.” गमतीनं सांगायचा. मग गमतीनं सांगणंही कमी झालं.

निघोज्यातलं काम संपत आलं होतं. सगळी घरं फायबरवर गेली, तक्रारी आता फोनवर घेतात, घरी जायचं कारण उरलं नाही. दादांनी कासारवाडीतल्या काही बिल्डिंगा घेतल्या आणि मला तिकडे पाठवायचं ठरवलं. जायला दोन बस. कामाला नाही म्हणायची माझी सोय नव्हती.

शेवटच्या दिवशी मी सांगायला गेले. मावशी कँटीनमध्ये होत्या. टीव्हीवर तोच प्रश्न होता. मी ओके दाबला. चित्र आलं. कोणत्या तरी पिक्चरमधलं लग्न चाललं होतं. मी कासारवाडीचं सांगितलं. तो म्हणाला, “बरं झालं ताई, बिल्डिंगीत सावली असती.”

मी निघाले, तेव्हा म्हणाला, “जाताना बंद करून जा.”

“आत्ताच तर लावला.”

“म्हणूनच. चालू असला की कवा बंद पडतो तेच बघत राहतो. पिक्चर दिसतच नाही. बंदच असला म्हंजे काही बघायचं नाही.”

मी मागे फिरून रिमोट उचलला. मी बटण दाबलं. बाहेर येऊन कडी लावली.

मावशी अधूनमधून फोन करतात. सकाळी जाताना टीव्ही लावू का विचारलं, तर बालाजी नको म्हणतो. त्या आल्यावर लावतात, तर तो पत्र्याकडे बघतो. खातो कमी. माझ्यावर त्या रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्या घराची लाइन उत्तम चालू आहे. एकही तक्रार बाकी नाही.

या कामातून एवढं शिकले. आता नवीन घरी गेले की तार आत घ्यायच्या आधी मी विचारते, दिवसा घरात कोण असतं? रिमोट कोण धरतं? लोकांना वाटतं, बाई भोचक आहे. उत्तर काहीही आलं तरी मी जोडणी तीच देते. दुसरी आमच्याकडे नाही.