आशालताची पायरी

निर्मळच्या जत्रेत मंदिराच्या पायरीवर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, विकायची जागा माझ्या शेजारणीची, आशालताची. वसईचा किल्ला बघून आलेले मुंबईकर भजी खाऊन हमखास तिच्याकडे वळत. अठ्ठ्याण्णव साली तिचा नवरा गेला आणि दिराने, दिवाकरने, ती जागा बळकावली. "विधवेच्या हातचं कोण घेणार?" असं चारचौघांत म्हणाला मेला.

त्याने स्वतःच राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातली. पण संध्याकाळी दव पडायच्या आत ती घरात घ्यावी लागतात, हे त्याला कुठून कळणार? ते काम कायम आशालताचं. त्याची केळी रात्रभर दवात पडलेली आशालता कुंपणाअलीकडून रोज बघायची. शेजारी मीही असायची. त्याला सांगायला दोघीही गेलो नाही.

जत्रेत पहिल्याच गिऱ्हाइकाने पुडक्याचं पान सोडलं, तर आत बुरशी! लोक जमले. आशालता आपली पुडकी घेऊन पायरीखाली बसली होती, दिवाकर धावत तिच्याकडे आला. "वहिनी, तुझी थोडी पुडकी दे ना, अब्रू चाललीय माझी!"

"तुमचीच खा, भावजी. शुद्ध हातची आहेत."

दुपारी त्याने टोपली उचलली. आशालता पायरी झाडून तिथे बसली. मी देवाला नारळ वाढवला, पण दिवाकरसाठी काही मागितलं नाही.