खांबावर चढलेली पोरं

मी पोचले तेव्हा ठाकुर्लीतल्या त्या सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती आणि आत सेक्रेटरी होते. मेन स्विच सावंतकाकांनी बंद केलेला. काका वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. गेली काही वर्षं डिमेन्शिया. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे आजाराने विस्कटलेला माणसाचा रोजचा दिवस जमेल तसा पुन्हा बसवून द्यायचा. शेजाऱ्यांच्या मते मी मसाज करणारी बाई.

सेक्रेटरी बाहेर आले ते तापूनच. "मॅडम, या आठवड्यात काका इथून हलले पाहिजेत. नाहीतर पोलीस कंप्लेंट करतो मी."

काकांचा मुलगा निखिल वृद्धाश्रमात जागा बघून तयारच होता. "मी सगळं ट्राय केलं," तो म्हणाला. सगळं म्हणजे काय, तर काकांना निरोपसमारंभाचे फोटो दाखवायचे आणि "बाबा, तुम्ही रिटायर झालात" असं रोज थोड्या वरच्या आवाजात सांगायचं. असे पुरावे देणारे नातेवाईक मला घरोघर भेटतात. जसा काही बापावर खटलाच चालू आहे. सोसायटीची अक्कल त्याहून पुढची. तिने मीटररूमला कुलूप घातलं. आज काकांनी ते बत्त्याने फोडलं.

स्विच का बंद करता, हे कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. मी विचारलं.

"पोरं खांबावर चढलीत ना," काका म्हणाले. "लाइन चालू राहिली तर मरतील."

लाइनमनची शिस्त असते. वर चढलेली माणसं खाली आल्याचा रिपोर्ट मिळेपर्यंत लाइन बंदच ठेवायची. काकांना तो रिपोर्ट कुणी दिलाच नव्हता. त्यात स्विच कुलपात. त्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

"तू सांग त्यांना, सगळे खाली आले म्हणून," मी निखिलला म्हटलं.

"बाबांशी खोटं बोलू?"

निखिल इन्शुरन्स विकतो.

तो काकांसमोर जाऊन म्हणाला, "बाबा, सगळे आले खाली."

"बाबा काय? नीट रिपोर्ट दे."

निखिल ताठ उभा राहिला. "साहेब, सगळे खाली आलेत. कुणाला काही झालेलं नाही."

काका मटकन खुर्चीत बसले आणि चहा मागितला.

आता निखिल सकाळ-संध्याकाळ रिपोर्ट देतो. काका घरीच आहेत. मध्ये एकदा तो विसरला, तेव्हा सेक्रेटरी पुन्हा लिफ्टमध्ये होते. या आजारात पेशंट सुधारत नाही. सुधारावं लागतं घरच्यांना, आणि त्यांच्यासाठी औषध नाही.

परवा रिपोर्ट ऐकून काकांनी निखिलच्या पाठीवर थाप मारली. "चांगला आहेस रे. घरी वडील आहेत ना? त्यांच्याशी पण असंच नीट बोलत जा."

निखिल "हो साहेब" म्हणाला.