अकरा एक्कावन्नचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती त्या रात्री माहेरी होती.

मला रात्री उमलणाऱ्या फुलांचे फोटो काढायचा नाद आहे. फुलांचे म्हणजे, खरं तर त्यांच्यावर येणाऱ्या किड्यांचे. रातराणी, गुलबक्षी, बांधावरचा धोतरा — कुठल्या फुलावर किती वाजता कुठला पतंग आला, किती वेळ थांबला, सगळं वहीत असतं. अंदाजाने लिहिलेली एकही ओळ नाही. म्हणून लोक माझ्या शब्दावर विसंबतात. खालाही विसंबल्या.

खाला म्हणजे केडगावातल्या आमच्या शेजारीण. ब्रह्मकमळाचं पान त्यांनीच मला लावायला दिलं, खर्ड्याहून, त्यांच्या माहेरून आणलेलं. त्यांच्या अंगणात दिवसभर ऊन, माझ्याकडे भिंतीची सावली. ते फूल त्यांनी लहानपणी एकदाच पाहिलं होतं. अट एकच घातली — "पयलं फूल मला दाव. रातचे दोन वाजू देत, हाक मार. म्हातारीची झोप काय, असून नसून सारखीच."

चार वर्षांनी कळी आली. एकच. लोंबत्या कळीची मान वर वळली की त्याच रात्री ती उमलते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मान वळली, त्या संध्याकाळी खालांनी भिंतीपलीकडून विचारलं, आज का? मी म्हणालो, अजून दोन दिवस तरी.

का म्हणालो? ब्रह्मकमळ फुलणार म्हटलं की गल्ली गोळा होते, दिवे लागतात, आरती होते, मोबाईल चमकतात. अशात पतंग कसा येणार? मला अंधार हवा होता. पण एकट्या खालांना गुपचूप बोलावता आलं नसतं? — आलं असतं. ते मला तेव्हाही सुचलं होतं.

अकरा एक्कावन्नला तो आला. तपकिरी, लांब सोंडेचा, पंख दिसू नयेत इतका भरभर हलणारा. अकरा फोटो काढले. एक अगदी स्वच्छ आला. मग तो गेला.

आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे. फूल तीनपर्यंत ताठ होतं. तीन तास. आमच्या दोन दारांत चौदा पावलं. मी खुर्चीत बसून राहिलो — पुन्हा पतंग येईल म्हणून? की हाक मारली तर संध्याकाळचं खोटं उघडं पडेल म्हणून? दुसरंच कारण खरं आहे.

सकाळी खाला आल्या तेव्हा फूल ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. मी सांगितलं, रात्रीच फुललं वाटतं, मलाही जाग आली नाही. त्यांनी फुलाला हात लावला. मग माझ्याकडे वळल्या.

"तुला पन न्हाई दिसलं? चार वर्सं पानी तू घातलंस रे."

दुपारी त्यांनी माझं मन रमावं म्हणून वाटीभर खीर पाठवली. मी ती खाल्ली.

पुढच्या वर्षी झाड फुललं नाही. आता खाला जामखेडला, लेकीकडे असतात. डोळ्यांना फार दिसत नाही. फोनवर नातींना माझी ओळख करून देतात — हाच तो, चार वर्षं थांबला आन् ऐन रातीला झोपला बिचारा. नाती हसतात. मीही हसतो, आणि खालांचं बोलणं खोडत नाही.