भावोजींची नाकाबंदी

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, वाहतूक पोलिसांत उपनिरीक्षक आहेत. गेल्या वीस वर्षांत त्यांनी एक तरी जेवण बसल्या जागी संपवलंय का, हे ताईलाही सांगता येणार नाही. दोन घास खाल्ले की उठतात, खिडकीपाशी जातात, रस्ता बघून परत येतात. लग्नाला गेले तर नवरानवरी राहिली बाजूला, आधी हॉलची दारं मोजतात. आत यायला किती, बाहेर पडायला किती, मागून एखादं चोरदार आहे का. ताई म्हणते, "यांच्या पायाला भिंगरी आहे आणि घेरी मला येते."

त्यांचं काम नाकाबंदी आखायचं. चार पोलीस रस्त्यात उभे राहिले, दोन लोखंडी अडथळे आडवे टाकले की झाली नाकाबंदी, असं मलाही वाटायचं. हमरस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. तिथे एकदा मी तसं बोलून गेलो, तर भावोजींनी हिशेबाच्या वहीमागचा कोरा पुठ्ठा फाडून त्यावर नकाशा काढला आणि अर्धा तास माझी शाळा घेतली. वळणाला लागून उभं राहायचं नाही, कारण भरधाव आलेल्याला थांबायला जागा लागते. फार लांबून दिसायचं नाही, नाहीतर चुकार गाडी मागच्या मागे वळते. शेवटचा फाटा गाडीच्या पाठीमागे पडला पाहिजे, म्हणजे पोलीस दिसल्यावर पळायला गल्ली उरत नाही. आधी फलक, मग तिरके अडथळे, मग पहिला माणूस, आणि बाजूला घेतलेल्या गाडीसाठी मोकळी जागा.

"पहिला माणूस म्हणजे नाकाबंदीचा प्राण," ते म्हणाले. "त्याच्या हाताकडे बघून गाडी थांबली पाहिजे. तो गडबडला की मागच्या सगळ्यांची पळापळ."

त्यांचा पहिला माणूस अठरा वर्षं एकच होता. आम्ही सगळे त्यांना नुसतं हवालदार म्हणायचो. उंच, कमी बोलणारे, वयाने भावोजींपेक्षा सहा वर्षांनी मोठे. त्यांनी हात वर केला की वाळूने भरलेला डंपरसुद्धा वळण लावलेल्या मुलासारखा थांबायचा. बारा वर्षांपूर्वी भावोजींनी घाईत, नुसत्या अंदाजाने अडथळे लावले होते, वळणाच्या फार जवळ. एक मोटारसायकल सरळ आत घुसली आणि हवालदारांचा डावा पाय मोडला. पाय सांधला, पण चालण्यात थोडी खोट राहिली.

तेव्हापासून भावोजींना अंदाज हा शब्द चालत नाही. आदल्या संध्याकाळी साध्या कपड्यांत जागेवर जायचं, पावलं मोजायची आणि रस्त्याच्या कडेला खडूने बारक्या खुणा करायच्या. फलकाला रेघ, अडथळ्यांना टिंबं, पहिल्या माणसाला फुली. सकाळी मंडळी गाडीतून उतरली की पाच मिनिटांत सगळं उभं. याचं त्यांना फार कौतुक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होतं.

गेल्या वर्षी शाळेच्या रस्त्यावर जादा भरलेल्या एका डंपरखाली दोन सायकली आल्या. मुली वाचल्या, पण गावात ओरड झाली आणि वरून हुकूम आला, डंपर धरा. भावोजींनी महिन्यात सहा नाकाबंद्या आखल्या आणि सहाही कोरड्या गेल्या. एरवी ज्या रस्त्यावर सकाळी वीस डंपर जातात, तिथे त्या दिवशी दूधवाले आणि मास्तर. मोठ्या साहेबांनी भावोजींना बोलावून घेतलं. "कुंपणच शेत खातंय," ते म्हणाले. "जागा आधी कुणाकुणाला माहीत असते?"

जागा माहीत असायची तिघांना. मोठे साहेब, भावोजी आणि हवालदार. बाकीच्यांना सकाळी गाडीत बसल्यावर कळायचं.

"मग मला लेखी नाव द्या," साहेब म्हणाले.

ते चार दिवस ताईच्या घरात कुणी धड जेवलं नाही. भावोजी या खोलीतून त्या खोलीत, जिन्यावरून गच्चीत आणि गच्चीतून परत खाली. हवालदारांच्या चुलत भावाचा एक डंपर होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ते एकदा डोक्यात शिरलं आणि मग निघेना. हवालदार फोनवर बोलायला बाजूला का गेले? परवा रजा का मागितली? संशयाला एकदा पाट दिला की तो ताट मागतो. ताई म्हणाली, "अहो, तो माणूस तुमच्यापायी लंगडतो." त्यावर भावोजी तिच्यावर खेकसले आणि पाचव्या दिवशी त्यांनी नाव लिहून दिलं.

हवालदारांची चौकशी लागली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, आणि त्यांना जप्त गाड्यांच्या आवारात बसवलं, गंजक्या मोटारींवर लक्ष ठेवायला. चौकशीत दोष निघाला असता तर तीस वर्षांच्या नोकरीवर काळं लागलं असतं. ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याचाही भावोजींनी उलटाच अर्थ लावला.

आणि सातवी नाकाबंदीही कोरडी गेली.

त्यानंतर आठवड्याने, सकाळी उजाडतानाच माझ्या दुकानात एक डंपरवाला पंक्चर काढायला आला. चाक उतरवेपर्यंत फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आज गोदामाच्या रस्त्याने येऊ नको, तिथे पोलीस उभे राहणार आहेत."

मी सहज विचारलं, "तुला काय त्यांनी पत्रिका पाठवली?"

"पाठवल्यासारखंच आहे," तो हसला. "आदल्या दिवशी कडेला खडूच्या खुणा पडतात. फुली दिसली की समजायचं, इथे त्यांचा माणूस हात करणार. आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भला माणूस आहे कोणीतरी, न चुकता करतो."

माझ्या हातातला पाना खाली पडला. आधी हसू आलं, मग हवालदार डोळ्यांसमोर आले आणि भावोजींचा असा राग आला, की त्या डंपरवाल्याच्या चाकाचे बोल्ट मी दुप्पट जोराने आवळले. काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि त्या वळशात एका माणसाची नोकरी तुडवली गेली होती.

दुपारीच जाऊन मी भावोजींना सांगितलं. ते दारात उभे होते, तसेच उभे राहिले.

"शक्य नाही," ते म्हणाले. "खुणा नखाएवढ्या असतात."

"बघणाऱ्याला नखही पुरतं, भावोजी."

त्यांनी वाद घातला नाही. संध्याकाळी मला घेऊन कालव्याच्या रस्त्याला गेले. तिथे नाकाबंदी नव्हती आणि ठरणारही नव्हती. त्यांनी पावलं मोजली, रेघ ओढली, टिंबं दिली, फुली मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते नऊ आम्ही दोघं तिथल्या टपरीशेजारी माझ्या मोटारसायकलवर बसून होतो. एक डंपर फाट्यापर्यंत आला, चालकाने मान बाहेर काढून कडेला बघितलं आणि गाडी मागे घेतली. मग दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्याची वाट बघायला भावोजी थांबले नाहीत.

तिथून ते सरळ कचेरीत गेले आणि दोन पानं लिहिली. चूक माझी, हवालदारांचा यात संबंध नाही, जी काही शिक्षा असेल ती मला. मोठ्या साहेबांनी ती दोनदा वाचली, भावोजींना लेखी ताकीद दिली आणि चौकशी मागे घेतल्याचं पत्र हातात ठेवलं. "हे तुम्हीच नेऊन द्या," ते म्हणाले. ती खरी शिक्षा होती.

हवालदारांच्या घरी मीच त्यांना घेऊन गेलो. एकट्याने जायचा धीर त्यांना होत नव्हता, आणि हे त्यांनी मला तोंडाने सांगितलं. हवालदार अंगणात खुर्चीचा वेत विणत होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, आत जाऊन बायकोला दिलं आणि परत आले. भावोजींनी सगळं सांगितलं, खडूपासून नाव लिहून दिलं तिथपर्यंत.

"चुकलो, हवालदार."

"संशय आला त्याचं मला काही नाही, साहेब," हवालदार म्हणाले. "चुलत भावाचा डंपर आहे, तुमच्या जागी मलाही आला असता. पण रस्त्यावर आपण अनोळखी माणसाला हात करतो, तेव्हा आधी काच खाली घ्यायला सांगतो. कुठून आलात, कुठे निघालात, विचारतो. पिऊन आलेल्याचंही ऐकून घेतो, मगच कागद लिहितो. मी रोज दोनदा तुमच्या टेबलासमोर येत होतो. मला नाही विचारलंत."

आतून चहा आला, तो आम्ही कसाबसा प्यायलो.

निघताना भावोजी म्हणाले, "परवा गोदामाच्या रस्त्यावर आहे. तुम्ही याल ना?"

"येईन. नोकरी आहे, येणारच," हवालदार म्हणाले. "पण पुढे उभा राहणार नाही. पुढच्या माणसाची पाठ आपल्या लोकांकडे असते, साहेब. मागच्यांचा भरवसा असावा लागतो."

परवाच्या आखणीचा कागद भावोजींनी त्या दिवशी माझ्या दुकानातच केला. फलक, अडथळे, मोकळी जागा, सगळं नेहमीसारखं, फक्त खडूशिवाय. पाठीमागच्या जागेवर त्यांनी हवालदारांचं नाव लिहिलं आणि पहिला माणूस म्हणून स्वतःचं.