एकच पाय सुजला की

आमच्या खोलीत लोक पाय घेऊन येतात आणि किस्से ठेवून जातात. मी लातूरच्या एका हॉस्पिटलात पायांच्या शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करते, आठवड्यातून एकदा नांदेडला जाते. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की बहुतेक वेळा एकच पाय सुजतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर माणूस हातचा जाऊ शकतो. विषय एवढा गंभीर. पण पेशंट मराठवाड्यातले, त्याला मी काय करणार?

*

नांदेडला लोह्याचे एक काका आले. पोटरी टम्म सुजलेली. आमच्या ज्युनियर डॉक्टरनं पुस्तकात वाचलं होतं की असा पाय लाल होतो. त्यामुळे तो सारखं तेच विचारत होता, लाल झाला होता का, थोडा तरी?

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, उन्हात राबलेला पाय हाय ह्यो. आधी काळा होता, आता जरा जास्त काळा झाला. लाल व्हायला मी काय इंग्रज हाय?"

डॉप्लरमध्ये गुठळी दिसली. ज्युनियर आता रंग विचारत नाही. टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजतो.

*

निलंग्याची एक बाई, पस्तिशीची, एक पाय सुजलेला. हार्मोनच्या गोळ्यांनीही गुठळी होऊ शकते, म्हणून तिला कुठल्या गोळ्या चालू आहेत का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. हार्मोनच्या? नाही. मग आमच्या शोभा सिस्टरनं विचारलं, घरात इतक्यात लग्न झालं का? हाव, दिराचं. पाळी पुढं ढकलली होती? हाव.

"मग गोळी घेतली की तुम्ही!"

"ती औषधाची कुठं, सिस्टर," बाई म्हणाली. "ती लग्नाची होती."

*

लातूरजवळच्या मुरुडच्या एक आजी गुडघा दाखवायला आल्या. सोबत सून, तिच्या कुशीत दीड महिन्याचं बाळ. आजी तरातरा चालत आत आल्या, मागून सून पाय ओढत.

शोभा सिस्टर म्हणाल्या, "मावशी, पेशंट तुम्ही, मग लंगडायली कोण?"

आजी म्हणाल्या, बाळंतपणात पाय सुजतातच, आमचे पण सुजायचे. सुनेनं साडी घोट्याच्या वर घेतली, तेव्हा डावा पाय उजव्याच्या दीडपट दिसला. मांडीपर्यंत गुठळी होती. लगेच ॲडमिट केलं, इंजेक्शनं सुरू झाली. आजी दिवसभर बाळाला मांडीवर घेऊन पलंगाशेजारी बसायच्या, सुनेला भाकरी कुस्करून भरवायच्या. सून ठणठणीत झाली.

घरी जाताना आजी माझ्यापाशी थांबल्या. डोळे भरलेले. मला वाटलं, आभार मानतील.

"मॅडम, माझा गुडघा राहिलाच की."

*

उदगीरचे बहीण-भाऊ. बहिणीला बाळंतपणानंतर गुठळी झाली होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही महिने देऊन बंद केल्या. पुढं भावालाही झाली, काही कारण नसताना. आमच्या मोठ्या डॉक्टर सरांनी त्याला समजावलं की पुरुषांना गुठळी पुन्हा होण्याचा धोका बायकांपेक्षा जास्त असतो, तुमच्या गोळ्या बंद करता येणार नाहीत.

भाऊ शिक्षक. त्याला हा अन्याय वाटला. रक्त एकच, आईबाप एकच, मग नियम दोन कसे?

बहीण म्हणाली, "दादा, जन्मात पहिल्यांदा बाईला सूट मिळायली. मिळू दे की."

*

आणि आमचे सर. तीस वर्षं मेडिसिन शिकवलं. ही गुठळी गोऱ्यांना होते, काळ्यांना त्याहून जास्त, आपल्या आशियाई लोकांत फारशी नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. मागच्या वर्षी ते मुलाकडं अमेरिकेला गेले. लांबचा विमानप्रवास, उतरल्यावर पाय सुजला.

तिथल्या तरुण डॉक्टरनं पोटरी दाबली आणि सांगितलं, तुमच्या लोकांत हे फारसं होत नाही, स्नायू ताणला असेल, बर्फ लावा. सर खुर्चीतून उठेनात. डॉप्लर करा, एवढंच म्हणत राहिले. शेवटी केली. गुडघ्याच्या वरपर्यंत गुठळी! तो पोरगा घाबरला, पुन्हा पुन्हा माफी मागू लागला.

सर बरे होऊन परत आले, तेव्हा हे सगळं त्यांनीच आम्हाला सांगितलं. आम्ही विचारलं, मग तुम्ही त्याला काय म्हणालात?

"काय म्हणणार? म्हटलं, माफी नको मागू बाळा. तू माझाच विद्यार्थी दिसतोस."